आमच्या घरात ‘काही नाही’ म्हणायला बंदी आहे

आमचं कराडला किराणा दुकान आहे. या धंद्यात माल तोलण्याआधी गिऱ्हाईकाचा चेहरा तोलता यावा लागतो. ह्यांना ते फार छान जमायचं. उधारी मागायला आलेला माणूस पायरीवरच ओळखायचे. चार वर्षांपूर्वी हायवेला गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं, डोक्याला उजव्या बाजूला मार लागला. तीन महिन्यांनी हे परत गल्ल्यावर बसले. चालणं, बोलणं, तोंडी हिशेब, सगळं पहिल्यासारखं.

आठवड्याभरात शेजारच्या आळीतली एक बाई ग्लुकोजची बिस्किटं न्यायला आली. मुलगी दवाखान्यात होती. पदरानं डोळे पुसत उभी होती आणि हे म्हणाले, “मागचे साडेचारशे राहिलेत, तेवढे आजच देऊन टाका.” रात्री मी खूप भांडले. हे माझ्याकडे बघतच राहिले. “रडत होती? मला वाटलं सर्दी झालीय.”

त्या एका वाक्यावर मी वर्षभर चिडले असते, पण सुदैवानं मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या दुखण्याचा विचार आणि वागण्यावर काय परिणाम झालाय ते तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे चेहऱ्यांचे फोटो दाखवतात आणि भाव ओळखायला सांगतात: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. हसरे चेहरे ह्यांनी पटापट ओळखले. बहुतेकांना तेच सगळ्यात सोपे जातात. घाबरलेल्या बाईला हे ‘आश्चर्य’ म्हणाले आणि दुःखी माणसाला ‘विचार करतोय’. मार लागल्यापासून ह्यांना चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत, हे तिथे कळलं. तुमच्याही घरात असं कुणी असेल तर पहिलं काम हे करा: माणूस निष्ठुर झालाय असं ठरवण्याआधी ही तपासणी मागून घ्या. आपणहून कुणी सुचवेलच असं नाही. चेहरा कुणाचा हे ओळखणं आणि त्यावरचा भाव ओळखणं, मेंदूत ही दोन वेगळी कामं आहेत. ह्यांना त्या बाईचं नाव, घर, खातं, सगळं पाठ होतं. मेंदूला मध्यम किंवा गंभीर मार लागलेल्यांपैकी ३९ टक्क्यांपर्यंत लोकांना भाव ओळखण्याची ही अडचण येते, असा २०११ सालचा एक अंदाज आहे. उजव्या बाजूचा स्ट्रोक, पार्किन्सन (कंपवात), हंटिंग्टन (मेंदू हळूहळू खराब करणारा आनुवंशिक आजार), फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (वागणं किंवा बोलणं बदलवणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) यांतही ती दिसते. पार्किन्सनमध्ये तर दुहेरी पंचाईत होते, कारण रुग्णाचा स्वतःचा चेहराही ताठर होतो आणि घरच्यांना वाटतं, हा कायम रागावलेलाच.

तपासणी होईपर्यंत चष्मा, कान आणि उजेड बघून घ्या. आमचं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारनंतर गिऱ्हाईकाच्या पाठीमागे ऊन असतं आणि तोंड अंधारात. काउंटरच्या वर एक एलईडी बल्ब लावला, तेवढ्यानंही फरक पडला. गाडीवरून येणाऱ्या मुली स्कार्फ गुंडाळूनच आत येतात. त्यांच्या बाबतीत तर माझाही अंदाज चुकतो.

आता मुख्य गोष्ट. जे चेहऱ्यानं सांगत होतात ते तोंडानं सांगा. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे ‘मला वाईट वाटलंय’ असं कोण म्हणतं? आपण भांडी आपटतो. मी एकदा चांगला अर्धा तास आपटली. हे आतून ओरडले, “मांजर शिरलंय का गं?” तेव्हापासून मी तीन तुकड्यांत बोलते: काय वाटतंय, कशामुळे, आणि आत्ता काय हवंय. “मला राग आलाय. शाळेतून फीसाठी फोन आला होता, तो तुम्ही सांगितला नाहीत. आत्ता नुसतं ‘चुकलं’ म्हणा.” हे म्हणतात. पहिले दोन-तीन महिने नाटकात काम केल्यासारखं वाटतं, नंतर सवय होते. ‘काही नाही’ या उत्तरावर मात्र घरात सगळ्यांनाच बंदी आहे, कारण ह्यांच्या दृष्टीनं ‘काही नाही’ म्हणजे खरंच काही नाही.

टोमणे तर बंदच करा. “या, आज फार लवकर आलात!” असं मी म्हटलं तर हे घड्याळ बघून सांगतात, “नाही गं, पावणेअकरा झालेत.” सूर आणि शब्द उलट दिशेनं गेले की ह्यांच्या हाती फक्त शब्द लागतात. काहींना चेहरा कळत नाही पण आवाज कळतो. तुमच्या माणसाचं काय आहे ते बघा. पाठमोरं उभं राहून एकच वाक्य रागानं, मग रडवेल्या सुरात म्हणा आणि विचारा. पण हे एकांतात. आमच्या नणंदेनं सत्यनारायणाला वीस माणसांत विचारलं, “दादा, ओळख बरं, मी कशी दिसतेय?” त्या दिवशी हे जेवले नाहीत.

सराव करता येतो. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन बाई आहे. दुर्मिळ आजारानं तिच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला छोटा भाग, दोन्हीकडून निकामी झाला आणि तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येईना. २००५ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. ‘डोळ्यांकडे बघ’ म्हटलं की तिला भीती नीट ओळखता यायची, सांगणं थांबलं की पुन्हा पहिल्यासारखं. प्रत्येकाचं कारण तेच असेल असं नाही, पण सांगत राहणं फुकट आहे. आमच्या गल्ल्याच्या झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवलीय: ‘आधी डोळे, मग पैसे’. रात्री मालिकेचा आवाज बंद करून दहा मिनिटं बघतो. भुवया कुठे आहेत, ओठ कसे आहेत, तुम्हाला असं कधी झालं होतं, असं मी विचारते, मग आवाज लावून ताळा करतो. मालिकेत भाव ढळढळीत असतात, म्हणून सुरुवात तिथून. आता आमच्या भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओवर आलोय. हे कंटाळले की लगेच बंद.

तरी खरं सांगायचं तर सरावापेक्षा नियमांनी घर जास्त सावरलं. उधारी फक्त मी मागायची. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “काय, घरी बरंय ना सगळं?” ज्याचं बरं नसतं तो आपणच सांगतो. ‘पप्पांना माझं काही पडलेलं नाही’ म्हणत मुलगी सहा महिने अबोल होती. तिला फोटोंच्या तपासणीचा कागद दाखवला. आता ती ह्यांचा हात धरते आणि म्हणते, “पप्पा, मी रडतेय.”

आणि एक खुणेचा शब्द ठेवा. समोरच्याचा पारा चढलेला ह्यांना कळत नाही, हे दराची घासाघीस चालूच ठेवतात आणि गोष्ट हातघाईवर येते. मी आतून ओरडले की ह्यांनी माल बघायला गोदामात जायचं आणि गिऱ्हाईक मी घ्यायचं. आधी मी ‘जिरं संपलंय’ म्हणायचे, पण किराणा दुकानात जिरं खरंच संपतं. आता ‘दगडफूल’ म्हणते.