भाडेकरू आजोबांचं घर नागपुरात कसं शोधायचं

शोध सुरू करण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: ज्यांचं घर शोधताय ते मालक होते की भाडेकरू? मालकाचं नाव कागदावर चढतं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतं. भाडेकरू वीस वर्षं एकाच खोलीत राहिला तरी नझुलाच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीच्या, कागदात त्याचा मागमूस नसतो. महाल, इतवारी, शुक्रवारीच्या वाड्यांमधून कितीतरी कुटुंबं अशी राहून गेली. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, तेही भाड्याच्याच खोलीत. म्हणून हे सगळं मुख्यतः भाडेकरूंच्या नातवंडांसाठी लिहिते आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पत्ता विचारू नका, तो त्यांना कधी लागलाच नव्हता. पाणी कुठून भरायचे, दळण कुठे न्यायचे, शाळेत जाताना काय लागायचं, गणपती कुठे शिरवायचे, हे विचारा. माझी आत्या पत्ता म्हटल्यावर गप्प बसली आणि गणपतीचं विचारल्यावर धडाधडा बोलली: "जुम्मा तलावावर शिरवायचो, अन् दरवाज्यातून आत आलं का मारुतीच्या देवळामागची गल्ली." जुम्मा तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. तो दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. अशा जुन्या-नव्या नावांच्या जोड्या वहीत लिहून ठेवा, कारण कागदावर जुनंच नाव सापडेल.

कागदाच्या मथळ्यावरून काळही कळतो. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर तो स्वातंत्र्याच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. 'मध्यप्रदेश' असेल तर 1950 ते ऑक्टोबर 1956 मधला, तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. हा कागद आपला नाही असं समजून बाजूला टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

आता खरा खजिना, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक होते आणि नोकरीची बरीच वर्षं हीच रजिस्टरं सांभाळली. लोक येतात, टी.सी. मागतात आणि जातात. टी.सी.वर राहण्याचं ठिकाण नसतंच! आमच्या जुन्या रजिस्टरात पालकाचं नाव, धंदा आणि राहण्याचं ठिकाण असे वेगळे रकाने होते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा, 'दाखल-खारीज रजिस्टरातील संपूर्ण नोंदीची नक्कल मिळावी.' माझ्या वडिलांच्या नोंदीत धंद्याखाली 'मिल नोकर', पुढे 'जुनी शुक्रवारी' आणि त्याखाली जागा पुरली नाही म्हणून बारीक अक्षरात वाड्याच्या मालकाचं आडनाव आहे. निळी शाई फिकी झाली आहे, पण आडनाव लागतं. एका मुलाच्या नोंदीवर थांबू नका, सगळ्या भावंडांच्या काढा. थोरल्याच्या नोंदीत एक मोहल्ला आणि धाकट्याच्या नोंदीत दुसरा असेल, तर मधल्या काळात बिऱ्हाड हललं. शेऱ्याचा रकाना वाचाच, 'गाव सोडल्याने नाव कमी' अशी ओळ तिथेच असते. मनपाची शाळा बंद झाली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं ते शिक्षण विभागात विचारा.

मालकाचं आडनाव हाती आलं की तुम्ही मालकाच्या वाटेला लागता. भाडेकरूचं घर सापडतं ते असं, मालकाच्या कागदातून. नगर भूमापन कार्यालयात त्या वाड्याची आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागा. शीट नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर माहीत नसेल तर आधी मनपाच्या झोन कार्यालयात जा. महाल-इतवारीकडची जुनी कर आकारणी वॉर्ड आणि घर क्रमांकानुसार असते, आणि जुन्या विक्रीपत्रात हे सगळे आकडे एकाच ओळीत येतात. विक्रीपत्राचा शोध दुय्यम निबंधकाकडे, सूची दोनमध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, 'इंडेक्स टू'मध्ये) घ्या. तिथे चतुःसीमा वाचा. पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणती गल्ली, हे लिहिलेलं असतं. आत्याची मारुतीमागची गल्ली मला तिथेच भेटली.

विदर्भात आणखी एक जागा आहे, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. इथे 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश 2000 पर्यंत लागू होता. भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. भांडण झालं असेल तर त्या प्रकरणात भाडेकरूचं नाव, खोल्या, भाडं, केव्हापासून राहतो, सगळं आलेलं असणार. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात दोन्ही पक्षांची नावं देऊन अर्ज करा. घरात कोणी 'कोर्टाची कटकट होती' असं म्हटलं असेल तर ही पायरी गाळू नका.

मतदार याद्या जिल्हा निवडणूक कार्यालयात विचारा. नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो, त्यामुळे एका घरात कोण कोण होतं ते एका नजरेत कळतं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं, म्हणून वडिलांच्या नावानं शोधा. कुटुंब खेड्यातून आलं असेल तर तहसीलमध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागा, मौजा म्हणजे मूळ गाव तिथेच कळतं. जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. 1948 च्या कायद्यानं घरोघरच्या नोंदी कोणालाही पाहायला मिळत नाहीत.

जात पडताळणीसाठी हे करत असाल तर तारखा पक्क्या लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेच्या आधीचं वास्तव्य दाखवणारा एक चांगला कागद नंतरच्या ढीगभर कागदांपेक्षा जास्त कामाचा.

नक्कल घेताना ती प्रमाणितच घ्या, आणि रजिस्टरचं वर्ष, पान आणि अनुक्रमांक नकलेवर लिहिलाय का ते खिडकीपाशीच तपासा. लिहिला नसेल तर तिथल्या तिथे लिहून मागा. पुढे भावाला, चुलत्याला किंवा तुमच्या मुलीला तीच नोंद लागली तर याच तीन आकड्यांवर ती काढून मिळेल.