उन्हाळ्यात टेकडीवरची रानफुलं, मोबाईलवर फोटो कसे काढायचे

रानफुलांचे फोटो म्हटलं की सगळ्यांना कास आठवतं, ऑगस्ट-सप्टेंबर आठवतो, आणि एप्रिल-मे मध्ये टेकडीवर रोज फिरायला जाणारे लोकसुद्धा मोबाईल खिशातच ठेवतात कारण "आता काय, सगळं वाळलंय". मला हे अजिबात पटत नाही. उलट एका फुलाचा नीट फोटो काढायला शिकायचं असेल तर उन्हाळाच बरा, कारण पावसाळ्यात मागे सगळा हिरवा गोंधळ असतो, आत्ता मागे फिकट पिवळं गवत आणि त्यात एकटं फूल, नजर आपोआप तिथेच जाते.

मी पुण्यातल्या टेकड्या धरून लिहितोय, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी वगैरे, पण बाकीकडेही साधारण हेच लागू पडेल.

पहिली गोष्ट वेळ. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात की सूर्योदयानंतर तास-दीड तास सोनेरी प्रकाश मिळतो, ते तिकडचं खरं आहे, तिकडे सूर्य तिरका तिरका वर येतो. आपल्याकडे मे मध्ये तो जवळजवळ सरळ वर चढतो, पहिल्या तासातच साधारण 13 अंश. पुण्यात मे मध्ये सूर्योदय सहाच्या आसपास, म्हणजे मऊ प्रकाश पावणेसात-सातपर्यंतच, त्यानंतर पाकळ्या पांढऱ्याफट्ट आणि सावल्या काळ्याकुट्ट. (मेच्या मध्यावर तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, त्या उन्हात फुलाचा फोटो काढायला जाऊच नका.) पण टेकडीचा एक फायदा घेता येतो. पूर्वेच्या उताराला आधी ऊन येतं, पश्चिमेचा उतार बराच वेळ सावलीत राहतो. म्हणून वेताळ टेकडीवर पूर्वेकडून, लॉ कॉलेज रोडच्या बाजूने चढायचं, कोवळ्या उन्हातले फोटो तिकडे उरकायचे आणि मग पश्चिमेला पाषाणच्या अंगाला उतरायला लागायचं, म्हणजे आठ वाजले तरी तुमच्याकडे मऊ सावली शिल्लक असते.

आता फुलं. सगळ्यात आधी भुईरिंगणी बघा. जमिनीला चिकटून पसरलेलं काटेरी झुडूप, जांभळी फुलं, मध्ये पिवळेजर्द पुंकेसर. लोक उभ्यानेच वरून फोटो काढतात आणि मग फूल चपटं दिसतं, माती आणि काटेच जास्त. इथे खाली बसावंच लागतं, शक्यतो पोटावर झोपा, एक जुनी चादर किंवा गोणपाट सोबत ठेवा कारण गोखरू टोचतं. आणि मोबाईल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची बाजू खाली जमिनीजवळ येते, एवढ्याने फोटो पार बदलतो, फुलाच्या मागे माती न येता लांबचं गवत धूसर होऊन येतं. दोन्ही कोपरं जमिनीवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, हात हलायचा प्रश्न मिटला.

पिवळा धोतरा दिसला तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला जा, म्हणजे फूल तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये. याच्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की मागून ऊन आलं की आतून उजळतात, शिरासुद्धा दिसतात. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर दुसऱ्या हाताने आडोसा करा. पानं काटेरी आहेत, तेवढं जपून.

रुईचं मात्र उलटं आहे. तिची फुलं जाड, मेणासारखी, थेट उन्हात नुसती चमकतात आणि रंग मरतो, त्यामुळे ती सावलीतच काढा किंवा कोणाला तरी पांढरा रुमाल ताणून उन्हाच्या आड धरायला सांगा. रुईवर काळे मोठे भुंगे येतात, तेच तिचं परागीभवन करतात, त्यामुळे एक फुलोरा निवडायचा, फोकस लावून ठेवायचा आणि थांबायचं, भुंग्याच्या मागे पळण्यात अर्थ नाही, तो आला की बर्स्ट, म्हणजे एका पाठोपाठ एक भराभर फोटो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, फांदी मोडू नका आणि चुकून हाताला लागला तर धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

एकदांडी आणि घाणेरी तर वाटेवर सगळीकडे, म्हणून कोणी बघत नाही. घाणेरीच्या एकाच गुच्छात नवी फुलं पिवळी आणि जुनी केशरी-लाल असतात, जवळून काढलं तरच ते कळतं. ही दोन्ही मूळची अमेरिकेकडची, पिवळा धोतराही तिकडचाच.

मोबाईलचं थोडं. फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग बाजूची सूर्याची खूण खाली ओढा, फोटो जरा काळसर वाटेपर्यंत. पांढऱ्या, पिवळ्या, लाल फुलांना हे करावंच लागतं, नाहीतर पाकळीतला बारकावा जळून जातो आणि नंतर एडिटिंगमध्ये काही केलं तरी परत येत नाही. मॅक्रो मोडमध्ये फोन फुलाच्या इतका जवळ न्यावा लागतो की फोनचीच सावली पडते, त्यापेक्षा दोन-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर थोडं लांबून तिने काढा. पोर्ट्रेट मोड टाळाच, तो पाकळ्यांच्या कडा खातो. वारा आला तर थांबा, दोन झुळुकांच्या मध्ये फूल स्थिर होतंच.

फुलावर पाण्याचा फवारा मारून दव दाखवायची एक पद्धत आहे, ती मला खरंच आवडत नाही. मेमध्ये पुण्याच्या टेकडीवर दव कुठून येणार? मधे येणारी गवताची काडीसुद्धा उपटू नका, हाताने बाजूला धरा. दगड उलथू नका, खाली विंचू असतो.

नाव शोधायचं असेल तर एक सुंदर फोटो पुरत नाही. पान, खोड, फुलाची मागची बाजू, फळ असेल तर फळ, सगळ्याचे साधे फोटो घ्या आणि आयनॅचुरलिस्टवर (फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायला मदत करणारं अ‍ॅप) टाका. पण घाटात कुठे सीतेची वेणी फुललेली सापडली तर नेमकी जागा जाहीर करू नका, ऑर्किडं झाडावरून ओरबाडून नेणारे लोक आहेत.

आणि संध्याकाळी वळीव पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काही करून जाच. धूळ धुतलेली असते, ओली माती गडद दिसते त्यामुळे फूल उठून दिसतं, आणि त्या दिवशी पानांवर खरे थेंब मिळतात. फक्त सूर्योदयाच्या आधी वर पोचा, ऊन आलं की थेंब फार वेळ टिकत नाहीत, आणि जुन्या खाणीच्या कडेला ओल्या दगडावर पाय घसरतो, तिकडे कडेपासून लांबच राहा.