स्टेअरिंग जड झालंय? रॅक बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीचं स्टेअरिंग जड झालं. म्हणजे नुसतं जड नाही, फिरवताना एका जागी अडकायचं, मग मोकळं व्हायचं, की अर्ध्या फेऱ्यात परत अडकायचं, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ यायला पाहिजे ते काही येईना, हातानेच ओढून आणावं लागायचं. गॅरेजवाल्याने दोनदा इकडेतिकडे फिरवलं आणि म्हणाला रॅक (स्टेअरिंगची फिरकी पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) गेला, बावीस हजार. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली, त्यांनी पेडलच्या खाली मुंडकं घातलं आणि स्टेअरिंगच्या दांड्याला जो क्रॉस, म्हणजे वळता सांधा असतो ना, त्यावर बोट ठेवलं. तांबडा भडक गंज. ऑइल मारल्यावर पाच मिनिटात मोकळा झाला, आठवड्याभराने परत धरला म्हणून नवीन टाकला, पण रॅकला हातसुद्धा लावला नाही.

तर पहिली चूक हीच, काही न बघता पार्ट ठरवून मोकळं होणं.

दुसरी चूक, आपल्या गाडीत कुठलं पॉवर स्टेअरिंग आहे तेच माहीत नसणं. वॅगनआरवाले विचारतात कुठलं ऑइल टाकू, अरे बाबा त्यात ऑइलच नाहीये, मोटर आहे. बॉनेट उघडा आणि झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेली छोटी डबी शोधा. असली तर हायड्रॉलिक (बोलेरो, जुनी इनोव्हा वगैरे), नसली तर बहुतेक इलेक्ट्रिक. दोन्हीचे आजार वेगळे आहेत.

पण दोन्हीसाठी आधी टायरची हवा बघा. हसू नका. ३२ पीएसआय पाहिजे तिथे पुढच्या टायरात २० असली तर स्टेअरिंग जड लागणारच, आणि किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराला कशाला विचारायचं. हवा टायर गार असताना बघा, गाडी पळवून आल्यावर काटा जास्तच दाखवतो.

आता हायड्रॉलिकवाले. डबीतलं ऑइल 'मिन'च्या (कमीत कमी पातळीच्या) खुणेखाली गेलं की पंप हवा ओढतो, वळवताना कुईई असा आवाज येतो आणि ऑइलला फेस दिसतो. इथे लोक दोन घोळ करतात. एक, घरात पडलेलं ब्रेक ऑइल ओततात. असं अजिबात करू नका, ब्रेक ऑइलने पंपाची आणि रॅकची सीलं फुगून खराब होतात आणि मग खरंच बावीस हजाराचं काम निघतं. बऱ्याच गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं पण सगळ्यांना नाही, होंडाचं वेगळं असतं, म्हणून झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. दुसरा घोळ म्हणजे दर महिन्याला टॉप-अप करत राहायचं. ते ऑइल उडून जात नाही हो, कुठूनतरी गळतंय. होजचे जॉइंट बघा, रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा, आत पचपच लागलं तर रॅकचं सील गेलंय.

ऑइल भरल्यावर हवा काढायला पुढची चाकं उचलायची, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू पंधरावीस वेळा फिरवायचं, मध्येमध्ये ऑइल बघत राहायचं. बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू.

आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) जड आणि थोडा रेस दिला की हलकं, असं असेल तर पंप फिरवणारा बेल्ट ढिला किंवा पंप थकलाय. पावसात डबक्यातून गाडी काढल्यावर काही मिनिटं जड होऊन परत ठीक होत असेल तर बहुतेक ओला बेल्ट घसरतोय. त्यावर साबण, पावडर, ग्रीस असलं काही लावू नका, ताण बघा, चिरा पडल्या असतील तर बदला.

इलेक्ट्रिकमध्ये संशय आधी बॅटरीवर घ्यायचा. मोटर वळताना भरपूर करंट खेचते, त्यामुळे बॅटरी मेली असेल किंवा अर्थची वायर गंजली असेल तर बिचारी मोटर काय करणार. मल्टीमीटर लावा, इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा) दिवा लागला असेल तर फ्यूज बघा आणि स्कॅन करून बिघाडाचा कोड वाचून घ्या, कोड न वाचता मोटर बदलायला सांगणाऱ्याकडून गाडी परत आणा. अरुंद पार्किंगमध्ये गाडी जागेवर उभी ठेवून खूप वेळ स्टेअरिंग फिरवलं की मोटर तापते आणि मदत मुद्दाम कमी करते, गार झाली की पूर्ववत. तो बिघाड नाही.

एवढं करूनही कळत नसेल तर पुढची दोन्ही चाकं उचला, नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड लावून, आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवा (चावी फिरवून लॉक काढा आधी). अडखळत किंवा फारच जड फिरलं तर दोष यांत्रिक आहे, क्रॉस, बॉलजॉइंट, स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअपच्या) वरचं बेअरिंग, नाहीतर रॅक स्वतः. नीट फिरलं तर पंप, बेल्ट किंवा मोटर.

आणि चालत्या गाडीत अचानक जड झालं तर घाबरू नका, जोर लावला की चाकं वळतात. पण सोबत बॅटरीचा दिवा लागला असेल तर बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन गार ठेवणारा वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, त्यामुळे पुढच्या चौकात गॅरेज आहे म्हणून रेटू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा.