ऑस्ट्रेलियातील जुन्या घराचे वय कसे ओळखावे

जुन्या घराची पाहणी दर्शनी भागापासून सुरू करू नये. तो भाग प्रत्येक पिढीने आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे बदललेला असतो. उलट विटांमधल्या दरजा, छताखालची पोकळी आणि मागची पडवी यांना सहसा कोणी हात लावलेला नसतो.

पहिल्यांदा दरजा पाहाव्यात. १७८८ मध्ये सिडनीची वसाहत वसली तेव्हा जवळपास चुनखडी मिळाली नाही, म्हणून बऱ्याच भिंती मातीच्या गाऱ्यात रचल्या गेल्या आणि चुना हवा असेल तेव्हा शिंपले भाजून तो तयार केला गेला. दरजेत शिंपल्याचे पांढरे तुकडे दिसले, तर ती भिंत १८५० च्या आधीची असण्याची शक्यता मोठी असते. यांतील कित्येक शिंपले किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांच्या वापरातून साठवलेल्या ढिगांमधून उपसले गेले. ज्यांची भूमी वसाहतीने घेतली, त्यांच्या वस्तीच्या खुणाच अशा रीतीने त्या घरांच्या भिंतींत गेल्या. माझ्या मते ही नोंद कोणत्याही पाहणीतून वगळता कामा नये.

त्यानंतर शिडी लावून छताच्या पोकळीत जावे. वर पन्हळी पत्रा दिसला, तरी घर पत्र्याच्या काळातलेच आहे असे मानू नये, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पत्रा स्वस्त झाला तेव्हा पुष्कळांनी लाकडी चिपांचे जुने छप्पर न उकलता त्यावरच पत्रे ठोकले. चिपा आत तशाच असतील, तर त्यांचे खिळे तपासावेत: हाताने घडवलेले खिळे सर्वांत जुने, पट्टीतून कापलेले त्यानंतरचे, तारेचे गोल खिळे सर्वांत अलीकडचे.

आराखडा वाचताना मूळच्या दोन खोल्या शोधाव्यात. मागे उतरत्या छपराची पडवी आणि आगीच्या भीतीने वेगळे बांधलेले स्वयंपाकघर, अशी घराची वाढ पुष्कळ ठिकाणी आढळते. सिडनीजवळच्या परामाटा येथील एलिझाबेथ फार्म हे १७९३ मध्ये सुरू झालेले घर १८२० च्या दशकात इतके वाढवले गेले, की आज त्याचे मूळ रूप नीट निरखल्याशिवाय कळत नाही.

व्हरांड्याच्या ओतीव लोखंडी जाळीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. १८५१ च्या सोन्याच्या शोधानंतर संपन्न झालेल्या मेलबर्न व सिडनीत ती फार लोकप्रिय झाली आणि जुन्या घरांनाही बसवली गेली. लाल विटा आणि मार्सेय कौले (एकमेकांत अडकणारी, फ्रेंच धाटणीची मातीची सपाट कौले) साधारणपणे १९०१ च्या आगेमागची, म्हणजे वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचा राज्यसंघ स्थापन होण्याच्या सुमाराची असतात.

शेवटी घर त्याच जागी बांधले गेले का, हेही विचारावे. मेलबर्नच्या परिसराचे प्रशासक चार्ल्स ला ट्रोब यांनी १८३९ मध्ये मेलबर्नला आणलेले घर इंग्लंडमध्ये सुट्या भागांत तयार होऊन जहाजाने आले होते, आणि पुढे त्याची जागाही बदलली. म्हणून लाकडाचे वय आणि जागेचे वय वहीत वेगवेगळे लिहावे.