राज्याचं बजेट वाचताय? आधी रकाना बघा

राज्य वित्त हा विषय प्रबंधासाठी घेतलाय? चांगलं केलंत. महसुली तूट, राजकोषीय तूट, केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा म्हणून 14व्या वित्त आयोगाने सांगितलेले 42 टक्के, 15व्याने सांगितलेले 41 हे तुम्हाला पाठ असेलच. मी जिथे अडकले तेवढंच सांगते, कारण तिथे माझं एक आख्खं प्रकरण बाद झालं.

मार्च 2023च्या अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडा. रकाने चार: 2021-22च्या प्रत्यक्ष रकमा, 2022-23चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, आणि 2023-24चा नवा अंदाज. मी पहिल्या रकान्याची शेवटच्याशी तुलना केली आणि भांडवली खर्चाबद्दल, म्हणजे रस्ते, पूल, इमारती अशा नव्या कामांवरच्या खर्चाबद्दल, लिहून टाकलं, 'भांडवली खर्चात भरघोस वाढ.' ती वाढ नव्हतीच. एका टोकाला झालेला खर्च होता, दुसऱ्या टोकाला नुसता इरादा. पगार, पेन्शन, व्याज टळत नाही; हात आखडायची वेळ आली की कात्री लागते ती भांडवली कामांना. त्यामुळे अंदाज फुगलेला आणि प्रत्यक्ष खर्च खाली, हे वर्षानुवर्षं दिसू शकतं. सुधारित अंदाजावरही विसंबू नका, तोही वर्ष संपायच्या आतच बांधलेला असतो. अंदाजाची तुलना अंदाजाशी, प्रत्यक्षाची प्रत्यक्षाशी. प्रत्यक्ष आकडे महालेखाकारांच्या वित्त लेख्यांतून घ्या. उशिरा येतात, थांबा. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा तरतुदी, त्याही बघा, नाहीतर मूळ तरतूद किती बदलली ते कळणारच नाही.

ही चूक माझ्या मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटली. पकडली ती लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा आकडा कुठल्या रकान्यातला?" त्यांनीच 3054 आणि 5054 ही लेखाशीर्षं, म्हणजे खर्च नोंदवायचे ठरावीक क्रमांक, समोरासमोर ठेवून दाखवली: दोन्ही रस्ते-पुलांचीच, पण पहिल्यात देखभाल, दुसऱ्यात नवं बांधकाम. माझं स्पष्ट मत आहे, लेखाशीर्षं हाताळलेला एक माणूस दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो. क्लासच्या तयार नोट्सवर प्रबंध उभा करू नका. त्यात रकानाच लिहिलेला नसतो.

घाबरू नका. दोन महिने पुस्तकं चाळलीत की नजर आपोआप रकान्याच्या मथळ्यावर जाते. माझं प्रकरण तीन आठवड्यांत पुन्हा उभं राहिलं, आणि पहिल्यापेक्षा बरं झालं.

राज्याऐवजी महापालिका घेतलीत तर तिथेही असाच प्रश्न येतो: मालमत्ता कराच्या 'मागणी'त, म्हणजे वसूल करायच्या रकमेत, जुनी थकबाकी मिसळलेली आहे का, हे आधी विचारा. चालू मागणी वेगळी काढल्याशिवाय वसुलीची टक्केवारी काढू नका.