पितृपक्षात पाटणादेवी: धबधब्याच्या आधी गाव बघा

दरवर्षी ऑगस्ट लागला की कोणीतरी ग्रुपवर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या केदारकुंड धबधब्याचा व्हिडिओ टाकतं आणि लगेच 'चला भो या रविवारी' सुरू होतं, मग रविवारी निम्मं जळगाव आणि निम्मं धुळे तिथंच, गाड्या लावायला जागा नाही आणि देवीपेक्षा सेल्फीची रांग मोठी. माझं ऐकाल तर ऑगस्ट सोडा. गणपती बुडाले की घट बसेपर्यंत जे पंधरा-सोळा दिवस मिळतात ना, ते पकडा. पितृपक्ष असतो, लोक घरी पित्तरांच्या स्वयंपाकात, देवदर्शनाला बरेच जण टाळतात, त्यामुळे पाटणादेवी जवळपास मोकळी. पाणी मात्र असतं, झाडं हिरवीगार, तेरडा फुललेला. एकदा नवरात्र लागलं की मग जत्रा, तेव्हा शांतपणे काही बघायचं विसरा. हे दिवस बहुतेक वेळा सप्टेंबरात येतात, कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सरकतात, तर कॅलेंडर बघून ठरवा.

आता 'गाव बघा' का म्हणतोय ते सांगतो. आपण सगळे पाटणादेवी म्हणतो पण मुळात ते पाटण, म्हणजे शहर. निकुंभ घराण्याचे राजे, देवगिरीच्या यादवांचे मांडलिक, त्यांचं हे ठाणं. मागे सह्याद्रीची अजिंठा रांग, वर कण्हेरगड, खाली डोंगरी नदी. आज तिथं सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्याचं जंगल आहे म्हणून कळत नाही, पण तुम्ही ज्या झाडीतून चालता तिथं एके काळी बाजार भरायचा आणि त्या बाजाराचा लेखी पुरावा आहे, तो पुढे येतोच.

जायचं कसं तर चाळीसगाव गाठा. मुंबई-भुसावळ लाईनवर जंक्शन आहे, धुळ्याहून पण रेल्वे आहे. तिथून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. आडदिवशी एसटीच्या भरवशावर राहू नका, बाईक किंवा रिक्षा ठरवून घ्या आणि रिक्षावाल्याला परत न्यायची वेळ आधीच सांगा, कारण आत गेल्यावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. सकाळी सातला चाळीसगाव सोडलं तर बेस्ट. का, तर या दिवसातला पाऊस दुपारनंतरचा असतो, उत्तरा नक्षत्र संपून हस्त लागतं, सकाळी कडक ऊन आणि तीन-चारला ढग दाटून गडगडाट, आणि हत्तीचा पाऊस आला की तो रिमझिम नसतो, बदाबदा कोसळतो.

पोचल्यावर सगळे सरळ पळतात ते चंडिकादेवीकडे नाहीतर धबधब्याकडे. तुम्ही आधी महादेव मंदिरात जा. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची भिंत बघायची, एवढ्यासाठी तरी. सरळ भिंत नाहीच, कोन निघत जातात, बाहेर, आत, बाहेर, आत, आणि प्रत्येक कोनावर सावली पडते, दुपारी हेच सगळं सपाट दिसतं. पावसाने दगड धुतलेला असतो, काळाशार, उन्हाळ्यात इतका छान दिसत नाही. इथं सगळे 'हेमाडपंती मंदिर' म्हणतात, मी पण म्हणायचो. पण गंमत बघा, या मंदिराच्या शिलालेखात शके १०७५ आहे म्हणजे इ.स. ११५३, निकुंभ राजा इंद्रराज याने सुरू केलं आणि त्याच्यामागे पूर्ण झालं. हेमाद्री पंडित हा यादवांचा मंत्री त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी. म्हणजे हेमाडपंताचा जन्म व्हायच्या आधीचं मंदिर आणि नाव त्याचं! आपल्याकडे चुना न लावता दगड बसवलेलं काहीही दिसलं की हेमाडपंती, हे एक झालंच आहे.

आत अंधार असतो, वटवाघळांचा वास येतो, टॉर्च न्या. मोबाईलचा चालतो पण बॅटरी लवकर उतरते.

मग चंडिकादेवी. दर्शन घ्या, ओटी भरायची तर भरा, आणि मग शिलालेख विचारा. बरेच लोक दहा-दहा वेळा येऊन गेलेत आणि हा माहितीच नाही. शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६ च्या आसपासचा. भास्कराचार्य माहीत आहेत ना, लीलावतीवाले, सिद्धांतशिरोमणी ज्यांनी ११५० साली लिहिला, त्यांचा नातू चांगदेव. हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला आणि निकुंभ राजा सोईदेव आणि त्याचा भाऊ हेमाडीदेव यांनी त्याला दान दिलं, ते सगळं त्या दगडावर कोरलंय. भास्कराचार्यांच्या मुलाला, लक्ष्मीधराला, यादव राजा जैत्रपाल याच गावातून आपल्या दरबारी घेऊन गेला हे पण त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख जगापुढे आणला. भास्कराचार्यांचं जन्मगाव हेच का यावर विद्वानांचे वाद आहेत, आपल्या भागातला माणूस ते वाद ऐकूनच घेत नाही ती गोष्ट वेगळी.

मला मात्र त्या लेखाचा शेवट आवडतो. वरचा भाग संस्कृत आणि शेवटी एकदम जुनी मराठी. कारण शेवटी पैशाचा विषय आहे आणि पैशाचं सगळ्यांना कळायला पाहिजे. या पाटणात जो माल विकायला येईल त्याच्यावरचा राजाचा कर मठाला, असा हिशोब. तोच तो बाजाराचा पुरावा. गणिताच्या शाळेची फी बाजार भरत होता म्हणा ना.

अक्षरं वाचायची तर टॉर्च समोरून मारू नका, समोरून मारला की सगळं पांढरं होतं. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, मग अक्षरांच्या खाचेत सावली पडते आणि दिसायला लागतात. खडू, हळद, पावडर काही चोळू नका भाऊ, पाणी पण ओतू नका.

आता पाणी. केदारकुंड आणि धवलतीर्थ, दोन्हीच्या वाटा जंगलातून, ओढे ओलांडत जातात. सप्टेंबरअखेर ओढ्याचं पाणी घोट्यापर्यंत नाहीतर फार तर गुडघ्यापर्यंत असतं आणि नितळ असतं, तळाचे गोटे दिसतात. हे 'नितळ' लक्षात ठेवा. पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा, पानं वाहत यायला लागली, किंवा धबधब्याचा आवाज अचानक बदलला तर समजायचं की वर डोंगरात पाऊस झालाय, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. तेव्हा फोटो राहू द्या आणि ज्या बाजूला गाडी आहे त्या बाजूला या. मी एकदा हे ऐकलं नव्हतं. 'दोन मिनिटं' म्हणत बसलो आणि मधल्या ओढ्याचं पाणी मांडीपर्यंत आलं, मग पलीकडच्या काठावर सव्वादोन तास भिजत उभा, पिशवीत फक्त एक भिजलेला पारले-जीचा पुडा, तोही वानराने नेला. पाणी उतरल्यावर आलो. या नदीला हलक्यात घ्यायचं नाही, २०२१ च्या ३०-३१ ऑगस्टच्या रात्री याच डोंगरात पाऊस झाला तर डोंगरी आणि तितूर दोघींनी चाळीसगावात पाणी घातलं आणि चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या कन्नड घाटात दरडी आल्या. कुंडात तर उडी मारूच नका, खाली दगड कुठे आहे ते कोणालाच दिसत नाही.

पायात ग्रिपवाले बूट, चप्पल-सँडल नको, शेवाळलेल्या दगडावर माणूस बसतो ते थेट कमरेवर. फुल पँट घाला, गवत वाढलेलं असतं आणि त्यात फुरसं असू शकतं. बिबट्याचं जंगल आहे, पाचच्या आत बाहेर निघा. कपडे बदलून घ्यायला एक जोड गाडीत ठेवा, आणि वानरांसमोर पिशवी उघडायची नाही, बस.

पायात दम असेल तर महादेव मंदिराकडून कण्हेरगडाची वाट आहे. अर्ध्यात कोरीव लेणी लागतात, नागार्जुन कोठी, सीतान्हाणी, शृंगार चावडी. कोठी जैन लेणं आहे. पण पाऊस झालेला असला तर मुरूम पायाखालून सरकतो, वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे सोडून द्या.

खाण्याचं, आडदिवशी तिथं फार काही मिळत नाही. आमच्या घरून बट्ट्या, घोटलेली वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा बांधून नेतात, बट्टी दोन दिवस टिकते म्हणून. नाहीतर परत येताना चाळीसगावला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

पितळखोरा त्याच दिवशी करायचा मोह होतो, नका करू. लेणी पाटणादेवीच्या मागच्याच डोंगरात, इसवी सनाच्या आधीची, पण नीट रस्ता कन्नड घाट चढून वरून आहे आणि मग पायऱ्या उतरून दरीत जायचं. तिथं सापडलेली यक्षाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली असं तिच्यावरच लिहिलंय. त्याला अख्खा दुसरा दिवस द्या, आणि निघायच्या आधी घाट सुरू आहे का ते चाळीसगावातच विचारून घ्या.

वेळ उरला आणि जळगावकडे जाणार असाल तर वाटेत वाघळीला थांबा. मुधाईदेवीचं मंदिर आहे, वाघळीचा शिलालेख तर शके ९९१ चा, म्हणजे पाटणच्या महादेवाहून पण ८४ वर्षं जुना. रस्त्यापासून आत काळी माती असते, बूट तिथंच जड होतात, गाडीत बसायच्या आधी काडीने खरडून घ्या, नाहीतर गाडीवाला दोन दिवस बोलतो.