मॅन्डोलिनवर आर्पेजिओ वाजवताना या चुका टाळा

कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरगटाचे) स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवले की झाला आर्पेजिओ. जी मेजरमध्ये तीनच स्वर: जी, बी, डी. म्हणूनच बहुतेक जण तो शिडीसारखा खालून वर, वरून खाली घोकतात. मग गाण्यात कॉर्ड बदलली की हात अडतो, कारण नव्या कॉर्डची सुरुवात मूळ स्वरापासूनच (ज्याच्या नावाने कॉर्ड ओळखतात त्या) करायची सवय लागलेली असते. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच.

मॅन्डोलिनवर जाडीपासून बारीकपर्यंत जी, डी, ए, ई अशा तारांच्या चार जोड्या असतात. समजा, ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) बी वाजतोय आणि पुढची कॉर्ड सी मेजर आहे. सी शोधायला जी तारेच्या पाचव्या फ्रेटपर्यंत धावायची गरजच नाही, त्याच ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला तो आहे. सी मेजर वाजवताना मोकळ्या ई तारेवर आलात आणि डी मेजर आली, तर ई तारेचा दुसरा फ्रेट, म्हणजे एफ शार्प, शेजारीच आहे. सरावासाठी जी, सी, डी, जी घ्या. प्रत्येक कॉर्डला चार मात्रा, मात्रेला दोन स्वर. कॉर्ड बदलेल तेव्हा हात जिथे असेल तिथून नव्या कॉर्डचा सर्वांत जवळचा स्वर पकडायचा. सुरुवातीला मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) इतका हळू ठेवा की कंटाळा यावा.

गिटारवरून आलेले लोक इथेही एका फ्रेटला एक बोट लावतात. पण मॅन्डोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण 14 इंच असते, फ्रेट जवळजवळ असतात, त्यामुळे बोटं व्हायोलिनसारखी ठेवायची: पहिलं बोट 1-2, दुसरं 3-4, तिसरं 5-6 आणि करंगळी सातव्यावर. जी मेजर असा जातो: जी तार मोकळी, मग चौथा फ्रेट, डी तार मोकळी, मग पाचवा, ए तारेवर दुसरा, पाचवा, ई तारेवर तिसरा, सातवा.

मोकळ्या तारांचा मोह मात्र आवरा. सातव्या फ्रेटवरचा स्वर पुढच्या मोकळ्या तारेवर मिळतो, म्हणून करंगळी कायम सुट्टीवर जाते. ए मेजर मोकळ्या तारेशिवाय वाजवून बघा: जी तारेवर 2, 6, डी तारेवर 2, 7, ए तारेवर 4, 7, ई तारेवर 5. हाच आकार एक फ्रेट सरकवला की बी फ्लॅट मेजर. आणि सगळ्या तारा एकमेकींपासून पाचव्या स्वरावर (म्हणजे सात फ्रेटच्या अंतराने) लावलेल्या असल्यामुळे तोच आकार डी तारेपासून सुरू केला की ई मेजर मिळतो (वर एक तार कमी पडते, इतकंच). गिटारवर जी आणि बी तारांमधलं अंतर वेगळं असल्यामुळे ही सोय नाही.

उजव्या हाताची गडबड तार बदलताना होते: नकळत सलग दोन डाउन स्ट्रोक (वरून खाली मारलेले) पडतात. मात्रेवर डाउन, मधल्या स्वरावर अप, तार कुठलीही असो. सहा-आठच्या तालात मात्र डाउन-अप-डाउन, डाउन-अप-डाउन असं मुद्दाम वाजवतात, म्हणजे तिनाचा प्रत्येक गट डाउननेच सुरू होतो.

स्वर तुटक येतो? मॅन्डोलिनचा नाद मुळातच लवकर विरतो, त्यात बोट आधीच उचललं तर काहीच उरत नाही. पुढचा स्वर वाजेपर्यंत बोट दाबून ठेवा.

खरखर येत असेल तर जोडीतल्या दोन्ही तारा वेगवेगळ्या छेडून पाहा; बहुधा एकच नीट दाबली गेलेली असते. बोट फ्रेटच्या अगदी मागे हवं.

बोटं बरोबर असूनही वरचे स्वर बेसूर लागत असतील तर आधी तारा जुन्या झाल्यात का ते बघा. मग 12व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहा. बहुतेक मॅन्डोलिनची घोडी (तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी असते, त्यामुळे ती सरकते. दाबलेला स्वर चढा असेल तर ती टेलपीसकडे (तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या टोकाकडे), उतरा असेल तर मानेकडे केसभर सरकवा. त्याआधी तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या एकदम काढू नका, नाहीतर घोडीची जागाच हरवते.